सिंफनीतले माझे चौदा सूर

आमची लॉन्ड्री इथे आखातात, अल क्वोज नावाच्या गोदामांच्या भागात आहे. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ रोज ट्रकने येतात आणि धुऊन, इस्त्री होऊन परत जातात. मी तिथे एकोणीस वर्षं आहे, त्यातली शेवटची आठ सुपरवायझर म्हणून. आमच्या भिंतीला लागून दुसरं वेअरहाऊस आहे. आधी तिथे मार्बलच्या लाद्या होत्या, मग एकाने जिम काढली, ती बंद पडली. नंतर बरेच महिने शटर खालीच होतं. एका शनिवारी दुपारी चार वाजता शिफ्ट बदलताना आमचे ड्रायर थांबले, आणि भिंतीपलीकडून व्हायोलिनं ऐकू आली. एक-दोन नाहीत, चांगली पंधरावीस.

आमचा इस्त्रीवाला रत्नागिरीकडचा आहे. तो म्हणाला, "साहेब, शेजारी लग्नाचा हॉल निघाला वाटतं."

"लग्नात असलं कोण वाजवतं?"

"तुमच्यात वाजवत असतील."

तुमच्यात म्हणजे आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत. त्याचं अगदीच चूक नव्हतं. आमच्या गावात ब्रास बँड होता, अजून आहे. माझे वडील त्यात बास वाजवायचे, म्हणजे ट्यूबा, ते सगळ्यात मोठं पितळी वाद्य, अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचं. दिवसा केळीची बाग आणि भाजीपाला, संध्याकाळी बँड. मी चौदा वर्षांचा झालो तेव्हा बाबांनी ते माझ्या खांद्यावर दिलं आणि स्वतः दुसरं, जुनं, चेपलेलं घेतलं. पुढची बारा वर्षं आम्ही दोघं शेजारी शेजारी वाजवत होतो. लग्नं, चर्चचे सण, नाताळ, मयत. सव्विसाव्या वर्षी मी इकडे आलो आणि वाजवणं तिथेच राहिलं. त्याचं मला फार दुःख होतं असं नाही. ट्यूबा घेऊन कोणी लेबर अकोमोडेशनमध्ये राहायला जात नाही. पुढे लग्न झालं, अजमानला फ्लॅट घेतला, मुलगी झाली. वाद्याची आठवण यायची ती चपला जुन्या झाल्या की गावातल्या मोच्याची येते तेवढीच.

शेजारची मंडळी दर शनिवारी चार ते सात वाजवायची. चारला माझी ड्यूटी संपायची, पण मी पाच-दहा मिनिटं रेंगाळायला लागलो. आधी भिंतीशी उभा राहून, मग बाहेर त्यांच्या शटरपाशी चहाचा कागदी कप घेऊन. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी त्यांनी एक फार संथ तुकडा काढला. सगळी व्हायोलिनं गप्प, आणि मागची पितळी वाद्यं एकेक सूर हळूहळू टाकत होती, जणू अंधाऱ्या खोलीत एकेक खिडकी उघडावी तशी. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी मला काहीतरी खटकलंही. इमारत उभी होती, पण तिला तळमजला नव्हता.

त्यांनी तो तुकडा चार वेळा वाजवला. चारही वेळा तेच. मला राहवलं नाही. मी शटरखालून वाकून आत गेलो.

समोर पन्नासेक माणसं बसली होती. सगळ्या देशांची, सगळ्या वयांची. उंच स्टुलावर एक साठीची बाई होती, पांढरे केस मागे बांधलेले. ही त्यांची कंडक्टर. मूळची लेबनॉनमधली आर्मेनियन, इथल्या एका शाळेत संगीत शिकवते, हे मला नंतर कळलं. माझ्या अंगावर लॉन्ड्रीचा युनिफॉर्म होता. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "डिलिव्हरी?"

"नो मॅडम. मी शेजारचा."  मग जे मनात होतं तेच बोलून गेलो, "मॅडम, खालचा बास मिसिंग आहे."

मागे कोणीतरी हसलं. बाई हसली नाही. तिने काठी स्टँडवर ठेवली. "तुम्हाला ऐकू आलं ते?"

"भिंतीपलीकडून पण आलं."

"काय वाजवता?"

"वाजवायचो. गावच्या बँडमध्ये. एकोणीस वर्षांपूर्वी."

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे निळ्या बेडशीटखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. "ती शाळेची ट्यूबा आहे. माझ्याकडे वाद्य आहे, माणूस नाही. दोन महिने शोधतेय. पुढच्या शनिवारी या. यल्ला, चला, परत पहिल्यापासून!"

घरी जाऊन सांगितलं तेव्हा बायको डब्याची भाजी चिरत होती. ती अजमानमध्येच एका क्लिनिकला रिसेप्शनवर आहे. तिने सुरी थांबवली नाही. "शनिवारी सातपर्यंत तिकडे, मग शारजाच्या ट्रॅफिकमधून इकडे. नऊ होणार."

"साडेआठ."

"आणि कशासाठी?"

"वाजवायला."

मुलगी चौदा वर्षांची. ती सोफ्यावरून म्हणाली, "डॅडी, यू कॅन प्ले समथिंग?" तिला हे माहीतच नव्हतं. माझ्या आयुष्यातली बारा वर्षं मी तिला कधी सांगितलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. लपवायचं म्हणून नव्हे. विषयच निघाला नव्हता.

पुढच्या शनिवारी मी कपडे बदलून, केसांना पाणी लावून गेलो. ट्यूबावरची धूळ पुसली, वाल्व्हमध्ये तेल घातलं, माऊथपीस धुतला. पहिली फुंकर मारली तर ओठांनी साथच दिली नाही. म्हशीने उसासा टाकावा तसा आवाज आला. माझ्या शेजारी बास ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं पितळी वाद्य, वाजवणारा फिलिपिनो बसला होता, हॉटेलांच्या लाऊंजमध्ये वाजवून पोट भरणारा, पक्का व्यावसायिक, इथे निव्वळ हौसेने येणारा. त्याने सांत्वन केलं, "रिलॅक्स ब्रदर. तुला वेळच वेळ आहे. तुझा पार्ट बघितलास का?"

मी स्टँडवरचा कागद उघडला. नोटेशन मला चर्चमुळे वाचता येतं. आमच्या मास्तरांनी पट्टी मारून शिकवलं होतं. पण त्या कागदावर वाचायला होतंच काय? पहिल्या भागात विश्रांती. दुसऱ्या भागात सुरुवातीला थोडे सूर, मग मोठी विश्रांती, शेवटाकडे पुन्हा थोडे. तिसऱ्या भागात विश्रांती. चौथ्या, सगळ्यात दणदणीत भागातही विश्रांतीच. मी बोटाने मोजले. चौदा. पाऊण तासाच्या सिंफनीत चौदा सूर.

"चूक झालीय का छापताना?" मी विचारलं.

"नाही ब्रदर. त्याने असंच लिहिलंय." मग त्याने मागच्या माणसाकडे मान वळवली. "तो बघ, झांजवाला. चौथ्या भागात त्याला एकच ठोका आहे. आणि तोही हळू. तू श्रीमंत आहेस."

हे सगळं लिहिणारा संगीतकार चेक देशाचा होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा. बाई तालमीच्या मध्ये चहाला थांबलो की त्याच्याविषयी सांगायची. तो खाटकाचा मुलगा होता, लहानपणी गावच्या बँडमध्ये वाजवायचा, मोठा झाल्यावर कित्येक वर्षं थिएटरच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसून व्हियोला, म्हणजे जरा मोठं व्हायोलिन, वाजवून पोट भरलं. पुढे नाव झालं तेव्हा अमेरिकेने नोकरी देऊन बोलावलं, आणि ही सिंफनी त्याने तिथे राहून लिहिली. एका तरुण व्हायोलिनवालीने विचारलं, "म्हणजे ही होमसिक सिंफनी आहे?" बाई म्हणाली, "हबीबती, त्याला चांगला पगार होता, बायकोमुलं सोबत होती, आणि रोज तो स्टेशनवर जाऊन रेल्वेची इंजिनं बघायचा. फक्त गावाकडची कबुतरं सोबत नव्हती. तेवढं होमसिक वाजवा. जास्त नको." सगळे हसले. मला ते फार पटलं. माझ्याही बाबतीत कोणी विचारलं तर मी असंच काहीतरी सांगेन.

पण वाजवण्यात मात्र माझी गोची झाली. पहिला भाग संपला, बाईने हात वर केला, पितळी वाद्यांचा तो संथ तुकडा सुरू झाला, आणि मी पहिला सूर लावला. बाईने लगेच थांबवलं.

"ट्यूबा. हळू."

पुन्हा. "ट्यूबा, अजून हळू."

तिसऱ्यांदा तिने काठी खाली ठेवली. "हबीबी, तुम्ही रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला बोलावताय का?"

पन्नास माणसं हसली. वाईट हेतूने नव्हे, पण माझे कान तापले. कारण ती बरोबर बोलली होती. बारा वर्षं मी रस्त्यावरच वाजवलं होतं. पुढे वरात नाचतेय, मागे फटाके फुटताहेत, त्यात बास ऐकू गेला पाहिजे, नाहीतर मास्तर ओरडायचे. हळू वाजवणं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. आणि ट्यूबावर हळू वाजवणं म्हणजे खेळ नाही. फुंकर कमी केली की सूर थरथरतो, आणखी कमी केली की लागतच नाही, नुसती हवा जाते. त्या दिवशी मी उरलेल्या सुरांपैकी निम्मे नुसते हवेचे काढले.

दोन शनिवार असेच गेले. लॉन्ड्रीत जेवणाच्या सुट्टीत मी लिननच्या खोलीत जाऊन सराव करायचो. चारही बाजूंनी दुमडलेल्या टॉवेलांच्या भिंती, आवाज कुठे जात नाही. बाईने ट्यूबा आठवडाभर माझ्याकडे ठेवायला परवानगी दिली होती. इस्त्रीवाला दारातून डोकावून म्हणाला, "साहेब, आत बोट आली काय?" मी त्याला हाकललं. पण मनातून खचलो होतो. त्या रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, "सोडून देतो. चौदा सुरांसाठी आठवड्याला पाच तास घालवायचे, आणि तेही धड येत नाहीत."

ती आधी ज्या सुरात विरोध करत होती तो मी अजून विसरलो नव्हतो, म्हणून मला वाटलं ती हो म्हणेल. ती म्हणाली, "बाबा पुढच्या आठवड्यात येताहेत ना? त्यांना विचार आणि मग सोड."

बाबांचं येणं आधीच ठरलं होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा एकटेच गावी, माझी धाकटी बहीण जवळच, पण तरी. दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर मी त्यांना बोलावून घेतलं होतं. वय ऐंशी, तब्येत ठणठणीत, फक्त वरचे-खालचे दात नवे. विमानतळावरून घरी येताना गाडीत त्यांनी उंच इमारतींकडे नजरही टाकली नाही. त्यांनी विचारलं, "इथे पाणी कुठून आणतात?" समुद्राचं गोडं करतात म्हटल्यावर म्हणाले, "मग केळी लावता येतील."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना बैठकीत बसवून ट्यूबावर तो तुकडा वाजवून दाखवला. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. आमच्यात आम्ही गावच्या बोलीतच बोलतो. त्यांनी विचारलं, "सोबत कोण वाजवतं?"

"तीन ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, शिंगं, आणखी काही वाद्यं."

"तू वर आहेस का खाली?"

"सगळ्यात खाली."

"हे लग्नाचं आहे?"

"नाही. तसं काही नाही. नुसतंच आहे."

"तू लग्नाचं वाजवतोयस," बाबा म्हणाले. "म्हणून चुकतंय. मयताचं वाजव."

"मयताचं?"

"विसरलास? घरातून पेटी उचलली की चर्चपर्यंत काय वाजवायचो आपण? तेव्हा कोण जोरात वाजवायचं? पुढे माणसं चालताहेत, पेटी खांद्यावर आहे, बाया रडताहेत. आपण फक्त त्यांच्या पायाखाली जमीन ठेवायची. ऐकू यायला नको, पण नसली तर माणूस पडला पाहिजे. तसं वाजव."

मला हळू वाजवायला कोणी शिकवलंच नव्हतं, हे खोटं होतं. मी शिकलो होतो. मयताला कधी मोठ्याने फुंकलं नव्हतं. गल्लीच्या वळणावर, चिखलात, उन्हात, बाबांच्या उजव्या बाजूला चालताना मी तासतास हळू वाजवलं होतं. फक्त ते वाजवणं मी वाजवण्यात धरलंच नव्हतं. मी पुन्हा तोंडाला लावलं. पोटातून श्वास घेतला, चालायच्या गतीने, आणि पहिला सूर सोडला. तो थरथरला नाही. मुलगी आपल्या खोलीतून बाहेर आली. "डॅडी, दॅट वॉज नाइस," ती म्हणाली, आणि आश्चर्य वाटल्यासारखी तिथेच उभी राहिली.

पुढच्या शनिवारी मी बाबांना बरोबर घेऊन गेलो. बाईने त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणायला लावली आणि ती माझ्या मागेच ठेवली. पहिला भाग बाबांनी हातपाय न हलवता ऐकला. मग आमचा तुकडा आला. मी वाजवलं. बाईने थांबवलं नाही. ती पुढे गेली, आणि एक वाद्य एकटंच गायला लागलं, ओबो नावाच्या सनईसारख्या वाद्याचा थोरला भाऊ म्हणावा असं, दमदार आणि थोडं घोगरं. ती धून ऐकून बाबांनी पहिल्यांदा मान हलवली. चहाच्या वेळी बाई मुद्दाम मागे आली. "ट्यूबा, आज काय झालं?"

मी बाबांकडे बोट दाखवलं. "माय फादर. टीचर."

तिने हात छातीवर ठेवून मान लववली. बाबांनीही तशीच लववली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण त्यानंतर सगळ्या तालमींना त्यांची खुर्ची आधीच मांडलेली असायची.

कार्यक्रम एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होता, शुक्रवारी संध्याकाळी. आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली आणि तिथे नवीनच संकट उभं राहिलं. ऑडिटोरियमचा एसी म्हणजे बर्फाचा कारखाना. पहिल्या भागाची सगळी मिनिटं मी ट्यूबा मांडीवर घेऊन बसलो, आणि दुसऱ्या भागात पहिला सूर लावला तो खाली उतरलेला. सगळी मंडळी वर आणि मी एका पायरीने खाली घसरल्यासारखा. फिलिपिनोने कोपराने ढोसलं. मी ओठ आवळून सूर चढवायचा प्रयत्न केला, तर तो आणखीच बिघडला. बाईने फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

गाडीत बाबा म्हणाले, "पितळ थंड पडलं. नाताळच्या मध्यरात्री चर्चमध्ये मिस्सा चालायची तेव्हा काय करायचो?"

"काय?"

"आवाज न करता फुंकत राहायचं. ओठ हलवायचे नाहीत, नुसता गरम श्वास आत सोडायचा. मिस्सा चालू असते तोवर. लोकांना वाटतं माणूस वाद्याच्या तोंडाला तोंड लावून झोपलाय."

"सगळा पहिला भाग?"

"तुला दुसरं काय काम आहे?"

कार्यक्रमाच्या दिवशी बायकोने माझा काळा शर्ट स्वतः इस्त्री केला. लॉन्ड्रीतून करून आणतो म्हटलं तर म्हणाली, "तिथे चादरीसारखा करतात." ऑडिटोरियम भरलं होतं. वाजवणाऱ्यांचे घरचे, शाळेची मुलं, बाईचे जुने विद्यार्थी. आमच्या लॉन्ड्रीतले सहा जण एका रांगेत बसले होते, सगळे आंघोळ करून, अत्तर लावून. इस्त्रीवाल्याने मला लांबूनच अंगठा दाखवला. बाबा दुसऱ्या रांगेत, बायको आणि मुलगी यांच्यामध्ये.

पहिला भाग सुरू झाला. मी तोंड माऊथपीसला लावलं आणि फुंकत राहिलो, गरम, सावकाश, बिनआवाजी. आजूबाजूला सगळे जिवाच्या आकांताने वाजवत होते, शिंगं गर्जत होती, नगारे वाजत होते, आणि मी मध्ये बसून एका पितळी जनावराला ऊब देत होतो. मला मुळीच वेगळं पडल्यासारखं वाटलं नाही. उलट इतक्या आवाजाच्या मधोमध बसायला मिळालं याचंच सुख होतं.

पहिला भाग संपला. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आमच्या लॉन्ड्रीवाल्यांच्याच रांगेतून, आणि मध्येच टाळ्या वाजवत नाहीत हे कळून लाजून थांबला. बाईने हात वर केला. मी श्वास घेतला.

तो पहिला सूर लागला तेव्हा मला ट्यूबा ऐकूच आली नाही. म्हणजे मी वाजवत होतो, ओठ थरथरत होते, पण वेगळा असा माझा आवाज कुठे नव्हता. फिलिपिनोचा आणि माझा सूर एकमेकांत असे मिसळले होते की कोणता कोणाचा ते कळेना. दुसरा सूर, तिसरा. त्या उघडणाऱ्या खिडक्यांच्या खाली या वेळी तळमजला होता. मी त्यात उभा होतो. मग आम्ही थांबलो, आणि ती एकटी धून सुरू झाली. मी ट्यूबा मांडीवर टेकवली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसंच वाहू दिलं.

मधली विश्रांती मोठी. मोजत राहिलो. शेवटाकडचे सूर आले, तेही वाजवले. माझं काम संपलं. अजून दोन भाग होते. त्या भागांत मी फक्त बसलो. झांजवाल्याने आपला एकमेव ठोका दिला, मी त्याच्याकडे बघून हसलो, तोही हसला. शेवटी सगळे उभे राहिले, टाळ्या झाल्या. बाईने आधी ती एकटी धून वाजवणाऱ्या मुलीला उभं केलं, मग एकेका विभागाला. सगळ्यात शेवटी तिने हात लांबवून मागे माझ्याकडे केला. मी उठलो. लॉन्ड्रीच्या रांगेतून शिट्टी आली. मुलगी दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होती.

बाहेर पार्किंगमध्ये सगळे भेटले. इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब, तुम्ही कधी वाजवलंत ते मला कळलंच नाही." मी म्हटलं, "तेच तर." बायकोने माझी कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "बरं झालं सोडलं नाहीस."

मी बाबांकडे वळलो. ते गाडीला टेकून उभे होते.

"कसं झालं?"

"चांगलं झालं," बाबा म्हणाले. मग गाडीचं दार उघडत, "अकरावा जरा लवकर आला."

मी आठवून पाहिलं. खरं होतं. अकरावा अर्ध्या श्वासाने आधी गेला होता. त्या हॉलमध्ये ते दोघांनाच कळलं असणार, एक बाईला आणि एक त्यांना. मला इतका आनंद झाला की मी तिथेच मोठ्याने हसायला लागलो. कौतुक तर कोणीही केलं असतं. आम्ही दोघं पुन्हा शेजारी शेजारी वाजवत होतो, तसं वाटलं.

बाबांचा व्हिसा संपायला अजून तीन आठवडे होते. पुढच्या शनिवारी बाईने त्यांना खुणेने विचारलं, तुम्ही वाजवता का? त्यांनी ट्यूबा हातात घेतली, वाल्व्ह दाबून बघितले, माऊथपीसला ओठ लावले आणि परत दिली. मला म्हणाले, "तिला सांग, दात खोटे आहेत. हवा निसटते." मी सांगितलं. बाई म्हणाली, "माझेही. म्हणून मी काठी घेतली." हे मी बाबांना सांगितलं, आणि गावी गेल्यावरही ते कितीतरी दिवस फोनवर हे सगळ्यांना सांगत होते.

त्या तीन आठवड्यांत मुलगी रोज संध्याकाळी आजोबांपाशी बसायची. तिने इंग्रजीत विचारायचं, त्यांनी बोलीत उत्तर द्यायचं, आणि अडलं की मला हाक मारायची. हळूहळू मला हाक मारणं कमी होत गेलं. कोणत्या सणाला कोणत्या गल्लीतून मिरवणूक जायची, चुकलं की कोणते मास्तर पट्टी मारायचे, मी पहिल्या दिवशी वाद्याच्या वजनाने कसा पाठीवर पडलो होतो, हे सगळं तिला माझ्याकडून नव्हे, त्यांच्याकडून कळलं. विमानतळावर ती त्यांना सोडत नव्हती. ते तिला म्हणाले, "सुट्टीत ये. मिरवणुकीत चालशील माझ्याबरोबर." तिला पूर्ण कळलं. ती म्हणाली, "प्रॉमिस, आजोबा."

नवीन कार्यक्रम बाईने गेल्या महिन्यात ठरवला. पुन्हा त्याच चेक संगीतकाराचं, त्याच्या तरुणपणीचं, गावच्या नाचांवरून रचलेलं. सगळ्यांना कागद वाटले. माझ्यापाशी आली आणि हात पसरून उभी राहिली. "हबीबी, यात ट्यूबाच नाही. एकही सूर नाही. सॉरी. पुढच्या सीझनला बघू, इन्शाल्ला."

"खलास, ठीक आहे," मी म्हणालो. "खुर्च्या कोण लावतं?"

"आत्तापर्यंत मीच."

तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता ड्रायर थांबले की मी शेजारी जातो, पन्नास खुर्च्या आणि स्टँड मांडतो, एसी वेळेवर चालू करतो. मग मागे बसतो. परवा त्यांनी त्यातला एक नाच पहिल्यांदाच न अडखळता सलग वाजवला, अर्धवट बेसूर, पण काय उडता, काय खोडकर. मध्येच सगळं थांबून जाईल असं वाटतं आणि मग पुन्हा पाय उचलतात. मला काही मोजायचं नव्हतं, कुठे शिरायचं नव्हतं. मी पाय लांब केले आणि शेवटपर्यंत नुसतं ऐकलं.